तळीला एक माणूस कमी

श्रीहरीने मोठ्या बहिणीला सायन्ससाठी बोलावलं, हे धायगुडे घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं. एरवी शैलजाला बोलावणं यायचं ते लग्नात रुखवत मांडायला, नाहीतर आबांबरोबर दवाखान्यात रांगेत बसायला. जन्मभर तिने मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं होतं, पण घरच्यांच्या लेखी ती तिथे बेडूक कापायची, एवढंच. त्या सकाळी मात्र फोनवर श्रीहरी म्हणाला, "ताई, आज जरा लवकर ये. सायन्सचं काम आहे."

"चंपाषष्ठीला सायन्सचं काम?"

"फोनवर नको ना. तू ये तो सही."

काम काय आहे ते शैलजाला ठाऊक होतं. दुसरा भाऊ श्रीराम आणि त्याची बायको स्मिता यांची एकुलती एक आर्या आठशे मीटर धावायची. मागच्या आठवड्यात ती सराव शिबिरातून मध्येच घरी परतली होती. क्रीडा संघटनेने तिथे सगळ्या मुलींच्या गालाच्या आतून कापूस फिरवून नमुने घेतले होते आणि आर्याच्या नमुन्यात वाय गुणसूत्र निघालं होतं, पुरुषांत असतं ते. यापुढे तिला मुलींच्या शर्यतीत उतरता येणार नाही, असं तिला एका खोलीत बसवून सांगण्यात आलं. माणुसकी म्हणून परतीचं तिकीट त्यांनीच काढून दिलं.

छत्रीबागेतल्या आपल्या घरून राजेंद्र नगरला आबांकडे येईपर्यंत रिक्षात शैलजा एकाच गोष्टीचा विचार करत होती. आर्याने शाळेत पहिलं पदक आणलं तेव्हापासून श्रीराम भेटेल त्याला सांगायचा, "पोरगी नाही, पोरगा आहे माझा." श्रीहरी घरच्या ग्रुपवर तिचे फोटो टाकून खाली लिहायचा, अपना शेर. आबांना दोन मुलगे होते, पण दोघांनाही एकेक मुलगीच, म्हणून नातू नसल्याच्या दुःखात गेली वीसेक वर्षं बुडालेले आबा पेपरातला आर्याचा फोटो बघून म्हणायचे, देवाचा जरा हात चुकला. त्यावेळी हे सगळं कौतुक होतं. आता तेच एका प्रयोगशाळेने छापील कागदावर सांगितलं, तर घरात सुतक आल्यासारखं झालं होतं.

दारातच भाजलेल्या वांग्यांचा वास आला. दिवाणखान्यात आबा, म्हणजे संताजीराव, धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते. तळी उचलल्याशिवाय ते चंपाषष्ठीला पाणीसुद्धा घेत नसत, त्यामुळे चेहरा जरा उतरलेला होता. श्रीराम बंद टीव्हीकडे बघत होता. श्रीहरी येरझारा घालत होता. औषधांची एजन्सी चालवल्यामुळे तो स्वतःला डॉक्टरांच्या पंक्तीतला समजायचा, आणि आज त्याला त्या पंक्तीत एक साक्षीदार हवा होता.

"ताई, सीधी बात," तो म्हणाला. "एका शब्दात सांग. आर्या मुलगी आहे की नाही?"

"आहे."

इतक्या लवकर उत्तर येईल असं त्याला वाटलं नव्हतं. "अगं, पण रिपोर्ट…"

"तू एक शब्द मागितलास, मी दिला. रिपोर्टसकट हवं असेल तर शब्द जास्त लागतील, आणि मध्ये बोलायचं नाही."

तो सोफ्याच्या हातावर टेकला.

"वाय असला की शरीर बहुतेक वेळा मुलाच्या वळणाने जातं," शैलजा म्हणाली. "बहुतेक वेळा. वाय हुकूम सोडतो, पण तो ऐकायचा की नाही हे शरीराच्या हातात. काही शरीरं ऐकतच नाहीत. मग जन्माला येते ती मुलगी, वाढते ती मुलगी. पाळी येत नाही, तेवढंच. स्मिताने तिला दाखवलंही होतं, तर डॉक्टर म्हणाले पळणाऱ्या पोरींना उशीर होतो. आर्याचं नक्की काय आहे ते पुढच्या तपासण्यांत कळेल. पण ती कोण आहे हे कळायला तपासणी कशाला लागते? तिचं बारसं आपणच केलं ना."

"ते ठीक आहे गं. पण हे आलं कुठून?" श्रीहरीने आवाज खाली आणला. "आपल्यात तर असं कोणी नव्हतं." आणि त्याची नजर आपोआप स्वयंपाकघराकडे गेली. तिथे स्मिता होती, दुसऱ्या घरातून आलेली.

शैलजाने ती नजर पाहिली.

"वाय ना? तो बापाकडूनच येतो. श्रीरामकडून आला. श्रीरामला आबांकडून, आबांना त्यांच्या वडिलांकडून. होळकरांच्या घोडदळातून थेट चालत आलेला वाय आहे तो. अगदी शुद्ध धायगुडे."

हे खरंच होतं. हुकूम न ऐकण्याची खोड बहुतेकदा आईकडून येते, हेही खरं होतं. पण ते तिने सांगितलं नाही. या घराचं अर्ध्या सत्यावर आजवर नीट भागत आलं होतं, फक्त तो अर्धा भाग दरवेळी सुनांच्या वाट्याला येई. आज फिरवून बघायला काय हरकत होती?

आबांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. "म्हणजे आपला वाय तिच्यात आहे?"

"आहे, आबा."

"पुरा?"

"पुरा."

आबा विचारात पडले.

श्रीहरीला मात्र विचाराला सवड नव्हती. त्याच्या मुलीचं, शिखाचं, देवासच्या निशांतशी लग्न जवळजवळ ठरलं होतं, आणि निशांत आणि त्याची आई कमलताई आज प्रसादाला येणार होते. "माझं म्हणणं एवढंच आहे," तो म्हणाला, "की सध्या लिगामेंट म्हणायचं. घुटने का लिगामेंट गेलं, डॉक्टरने खेळ बंद सांगितला. लिगामेंट सगळ्यांना समजतं, कोणी खोदून विचारत नाही. शिखाचं एकदा होऊन जाऊ दे, मग बघू. दादा, तू काहीतरी बोल ना यार."

श्रीराम टीव्हीकडेच बघत राहिला.

"आणि दुसरं टेंशन," श्रीहरी पुढे म्हणाला. "मिश्राजी उज्जैनला गेलेत. तळीला एक माणूस कमी पडतोय."

खंडोबाची तळी, म्हणजे नारळ, पानं आणि भंडाऱ्याने भरलेलं ताम्हण, या घरात पाच पुरुष मिळून उचलत. एके काळी घरात इतके पुरुष असत की ताम्हणाला हात लावण्यावरून भांडणं होत. आता उरले होते तीन. बाकीचे शेजारून उसने आणावे लागत. शेजारच्या मिश्राजींना खंडोबा ठाऊक नव्हता, भरीत ठाऊक होतं, आणि तेवढ्या श्रद्धेवर ते दरवर्षी येत. आज निशांत धरून चार होत होते. चार म्हणजे सम. ते देवाला चालत नाही.

"आर्याला बोलवा," आबा म्हणाले.

"कशाला?"

"तळीला. पाचवी… पाचवा." आबांना शब्द सापडेना, पण चेहऱ्यावर किती तरी वर्षांत दिसलं नव्हतं असं तेज आलं होतं. "वाय आहे ना तिच्यात? आपलाच आहे ना?"

श्रीहरी उभा राहिला. "आबा, तळी पुरुष उचलतात."

"मग? सकाळपासून तूच म्हणतोयस, रिपोर्टात पुरुष आहे."

"ते रिपोर्टात हो. घरात ती मुलगीच आहे ना. निशांतसमोर ती तळी उचलायला आली तर मी काय सांगू? लिगामेंट?"

शैलजाने चहाचा घोट घेतला. "सायन्स बदललं वाटतं. मघाशी वेगळं होतं."

"ताई, तू चिडवू नकोस."

"मी कुठे चिडवते? मी टिपून घेतेय. देवासपर्यंत मुलगी, संघटनेपाशी मुलगा, तळीपाशी परत मुलगी. एवढं रूप बदलणारा प्राणी आम्हाला सिलॅबसला नव्हता."

स्वयंपाकघराच्या दारात स्मिता येऊन उभी होती. वांगी सोलून तिची बोटं काळी झाली होती. ती सासऱ्यांसमोर सहसा बोलत नसे, आणि आजही आवाज चढला नव्हता.

"काय ठरलं ते सांगा," ती म्हणाली, "म्हणजे मला तिला सांगता येईल. आत आर्या भाकरी थापायला बसली होती. अनुश्रीने परात ओढून घेतली. म्हणाली, नैवेद्याचं आहे, बायकांनीच केलेलं बरं. आता इथे ऐकते तर तळी पुरुषांनीच. मग माझ्या मुलीने उभं कुठे राहायचं? जिन्यात?"

श्रीहरीने आत, आपल्या बायकोच्या दिशेने पाहिलं. स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा आवाज येत होता, जरा जास्तच जोरात.

आर्या खरोखरच जिन्यातून खाली येत होती. तिने सगळं ऐकलं होतं हे तिच्या चालण्यावरून कळत होतं. ती घाईत नव्हती. बापाएवढी उंच, खांदे रुंद, हातावर अजून पिठाचा पांढरा पट्टा. शैलजाला ती लहानपणीही अशीच आठवत होती, कुठल्याही खोलीत आली की खोली लहान वाटणारी.

"ये बाळ," आबा म्हणाले. "आज तळी उचल आमच्याबरोबर. घराण्याचा मान आहे. नातू नाही म्हणून इतकी वर्षं झुरलो मी, आणि तू इथेच होतीस."

असं गोड बोलताना आबांना कोणी कधी पाहिलं नव्हतं. शैलजाला वाटलं, पोरगी आता हो म्हणेल. साऱ्या जगाने हाकलून दिल्यावर निदान आजोबा तरी मान देत होते.

"आबा, मुलगा म्हणून नाही उचलणार," आर्या म्हणाली. "मुलगी म्हणून उचलू देत असाल तर आत्ता उचलते."

"तळीचा नियम आहे गं."

"शर्यतीचाही होता." तिने पीठ झटकलं. "त्यांना मी मुलगी म्हणून नको, तुम्हाला मी मुलगा म्हणून हवी. काकांना देवासचे लोक जाईपर्यंत लंगडी हवी. मी तर तीच आहे ना, आबा. शिबिरात गेले तेव्हा होते तीच."

मग तिने उरलेलंही सांगून टाकलं. "कल मी महूला जातेय, कोचसरांकडे. अपील करायचंय. वकील म्हणाले, माझं नाव बाहेर येईल. पेपरवाले घरी पण येतील. आधी सांगितलेलं बरं, म्हणून सांगते."

श्रीहरी खाली बसला. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

कमलताई मिठाईचा डबा घेऊन आत आल्या, मागून निशांत आला. नमस्कार झाले, पाणी झालं. शिखा निळी साडी नेसून आली आणि बाजूला बसली. श्रीहरीच्या तोंडावर हसू होतं, आणि कोणी विचारायच्या आतच तो म्हणाला, "आमच्या आर्याचा घुटना बघा ना. लिगामेंट गेलं बिचारीचं. खेळ बंद."

"अरे देवा," कमलताई म्हणाल्या. "हळदीचं दूध घेतेस ना?"

"घुटना ठीक आहे, काकू," आर्या म्हणाली. "मला खेळायला बंदी झालीय. टेस्टमध्ये वाय क्रोमोसोम निघालं. त्यांच्या हिशेबाने मी मुलींमध्ये बसत नाही."

खोलीतला पंखा बंद असूनही सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. श्रीहरीने पाण्याचा रिकामा ग्लास तोंडाला लावला आणि पिण्याचं नाटक केलं.

कमलताई वाईट नव्हत्या. त्यांनी डबा टीपॉयवर ठेवला, पदर सारखा केला, आणि शक्य तितक्या सौम्यपणे विचारलं, "मग आता हिला… म्हणजे म्हणायचं काय?"

"आर्या म्हणायचं," श्रीराम म्हणाला. टीव्हीवरून त्याची नजर सकाळपासून पहिल्यांदाच हलली होती. "माझी मुलगी आहे."

स्मिताने दाराची चौकट धरली. शैलजाने भावाकडे नीट पाहिलं. पहिल्या पदकापासून त्याने तिला पोरगा म्हटलं, बेटा म्हटलं, हीरो म्हटलं. एवढं साधं वाक्य बोलायला त्याला भारत सरकारमान्य प्रयोगशाळा लागली.

"हो हो, मुलगीच," कमलताई घाईने म्हणाल्या. "माझं तसं म्हणणं नाही. पण श्रीहरीजी, आता विषय निघालाच आहे तर… हे रक्तात असतं का? नाही, शिखा छानच आहे. पण एकदा तिची पण करून घ्या ना ती टेस्ट. आमच्या मनाला शांती."

आणि मग धायगुड्यांच्या दिवाणखान्यात एक चमत्कार झाला. सकाळपासून सायन्सचा जप करणारा श्रीहरी हात झटकत म्हणाला, "अहो, टेस्टवर काय जाता तुम्ही? मशीन आहे ती, काहीही दाखवते. मुलगी म्हणजे मुलगी. समोर बसलीय ना, दिसतेय ना तुम्हाला. जन्मापासून बघतोय मी तिला."

"अगदी माझेच शब्द," शैलजा पुटपुटली.

शिखाने आजवर कुणाला उलटून उत्तर दिलं नव्हतं. ती नोकरी करायची त्या बँकेतही तिची तीच ख्याती होती. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग निशांतकडे. निशांत मोबाईलवर काहीतरी फार महत्त्वाचं वाचत होता.

"करते मी टेस्ट," ती म्हणाली. "निशांत पण करेल. दोघांचे रिपोर्ट एकदमच बघू."

"मुलांची कसली टेस्ट?" कमलताईंना खरंच कळलं नाही.

"नाहीच ना," शैलजा म्हणाली. "मुलं आपोआप पास असतात."

निशांतने मान वर केली. "शिखा, मम्मीचा मतलब तसा नव्हता," तो म्हणाला, आणि मम्मीचा मतलब कसा होता ते सांगण्यासाठी मम्मीकडेच बघू लागला. शिखाने जरा वेळ वाट पाहिली. मग उठून तिने पाहुण्यांचे ग्लास गोळा केले.

ते जेवले नाहीत. कमलताईंना अचानक आठवलं की देवासला परतायचंय आणि रस्त्याचं काम चालू आहे. "कळवतो आम्ही," त्या म्हणाल्या. मुलीच्या बापाला या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. श्रीहरी त्यांच्यामागे चपला न घालताच फाटकाकडे धावला.

आत देव्हाऱ्यासमोर भरलेलं ताम्हण तसंच होतं. आबांनी भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला.

"तळी उचला आता," ते म्हणाले. "मला भोवळ येतेय."

"माणसं कुठायत?" श्रीरामने विचारलं. "आपण दोघंच."

आबांनी खोलीभर पाहिलं. शैलजाला आपल्या बापाचा चेहरा वाचता येत होता. तिथे परंपरा होती, कुळाचा मान होता, घोडदळ होतं. आणि या सगळ्यांच्या पुढे सकाळपासून उपाशी असलेलं म्हातारं पोट होतं. समाज विचारांनी सुधारतो असं तिने बरंच वाचलं होतं. भुकेबद्दल कोणी लिहिलं नव्हतं.

"ये," आबा आर्याला म्हणाले. "मुलगी म्हणून ये बाई. पण लवकर ये."

आर्या हलली नाही. "शिखा?"

"ती पण."

"आई?"

"माझे हात वांग्याचे आहेत," स्मिता म्हणाली, आणि बोलता बोलताच नळाकडे गेली.

पाच झाले. शैलजाही दोन पावलं पुढे आली होती. तिने मनात मोजलं आणि थांबली. ती धरून सहा झाले असते, आणि सम देवाला चालत नाही. इतक्या वर्षांनी दार उघडलं ते बरोबर पाचांपुरतं. ती मागे सरकली आणि भंडाऱ्याची वाटी हातात घेतली.

"सदानंदाचा…" आबांनी सुरुवात केली. आवाज बारीक होता.

"येळकोट," आर्या म्हणाली, आणि ताम्हण वर गेलं. ती उंच असल्याने तिच्या बाजूने जरा जास्तच गेलं, नारळ शिखाकडे घरंगळला, शिखाने तो हनुवटीने अडवला आणि तिला हसू फुटलं. अजून तासाभरात ती रडणार होती, हे सगळ्यांना माहीत होतं. अनुश्री स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने ना नाही म्हटलं ना हो, फक्त डोक्यावर पदर घेतला. शैलजाने मूठभर भंडारा उधळला. सगळ्यांवर सारखाच पडला.

जेवणं झाली. आर्याने आणि श्रीरामने महूला किती वाजता निघायचं ते ठरवलं. श्रीराम म्हणाला, गाडी मी चालवतो, तू कागद सांभाळ. शैलजाने त्यात एवढीच भर घातली की वकिलाला प्राणिशास्त्रातलं काही अडलं तर तिचा नंबर द्यावा. मग स्मिताने भरून दिलेला भरताचा डबा पिशवीत टाकून ती निघाली.

फाटकाशी श्रीहरी उभा होता. अजून अनवाणीच. देवासची गाडी केव्हाच गेली होती.

"ताई," तो म्हणाला. त्याच्या तोंडावरची सकाळची सगळी हुशारी उतरली होती. "शिखाचं… तसं काही निघालं तर?"

शैलजाच्या ओठांवर एक उत्तर तयार होतं, चांगलं धारदार. ते तिने गिळलं. दुसरंही एक होतं: शिखाचा याच्याशी बहुधा काही संबंध नाही, हे बहुतेकदा आईकडून येतं. ते ऐकून त्याला आज झोप लागली असती, आणि उद्यापासून स्मिताला कोणी झोपू दिलं नसतं.

"निघालं तर तुझी मुलगी," ती म्हणाली. "नाही निघालं तरी तुझी मुलगी."

"मग टेस्ट कशाला करायची?"

"तेच."

त्याने मान हलवली. त्याला पटलं होतं. निदान डोळ्यांत पाणी तरी आलं होतं. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली, रिक्षा थांबवली, तिला हात देऊन बसवलं. रिक्षा सुरू झाली तसा तो वाकून आत डोकावला.

"पण तरी ताई," तो हळूच म्हणाला, "ती टेस्ट होते कुठे?"